कोरी बाजू

कँटरबरी,
रविवार, १४ नोव्हेंबर १९७१

प्रिय एनिड,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच शेगडीत टाकलं नसशील, तर अर्धा गड जिंकला म्हणायचा. पत्ता विनी मावशीने दिला. ती मजेत आहे, गुडघे सोडून, आणि गुडघ्यांबद्दल ती पोस्टमनलाही सगळं सविस्तर सांगते. इथे थंडी लवकर पडली. तू कशी आहेस? तुमच्या हल शहरात सगळीकडे मासळीचा वास येतो म्हणतात, खरं का? ग्रंथालयातली नोकरी चालू आहे ना?

मी अजून मिस्टर एमस यांच्या रेकॉर्डच्या दुकानातच आहे. म्हाताऱ्याला पितळी वाद्यांचे बँड सोडून जगात काही आवडत नाही. त्यामुळे लांब केसांच्या पोरांचं लांबलचक संगीत, म्हणजे ज्याला आता सगळे प्रोग्रेसिव्ह म्हणतात ते, त्यांनी माझ्या गळ्यात घातलंय. मागचा सगळा कोपरा माझा. आख्ख्या बाजूवर एकच गाणं असतं, मध्येच ताल बदलतो, ऑर्गन तर चर्चमधून पळून आल्यासारखा वाजतो. तुला हसू येईल, पण मला त्याचं वेड लागलंय. मोठ्या नावांच्या रेकॉर्डी आता प्रत्येकाच्या घरात असतात. त्या ऐकायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या ऐकून झाल्या की माणसं हळूच माझ्या कोपऱ्यात येऊन विचारतात, "आता पुढे काय ऐकू?" एनिड, हा प्रश्न कोणी विचारला की माझा दिवस सोन्याचा होतो. मग मी कोणी नावही न ऐकलेलं काहीतरी बाहेर काढते. 'मिठागराचे रखवालदार' म्हणून एक आहे, ती सात मात्रांत चालते आणि पायाने ठेका धरायला जावं तर एक मात्रा दरवेळी हातून निसटते. वेल्समधल्या एका व्हायोलिनवालीची एक आहे, तिच्या आमच्याकडे मोजक्याच प्रती आल्या आणि प्रत्येक प्रत कुणाला गेली ते मला तोंडपाठ आहे. लोक लांबून येतात गं. "हेझलच्या कानावर डोळे मिटून विश्वास ठेवावा," असं एमस सगळ्यांना सांगतात.

गेल्या महिन्यात एक गंमत झाली. इथल्याच चार पोरांनी पदरमोड करून एक रेकॉर्ड काढली, 'वाम पकडणाऱ्याचं पंचांग' (वाम म्हणजे तो सापासारखा मासा). ती विकायला आमच्याकडे ठेवली. नवं खोकं आलं की त्यातली एक मी आधी वाजवून बघते. पहिली बाजू झकास. दुसरी लावली, तर तबकडी आपली फिरतेय, फिरतेय आणि आवाजच नाही. बऱ्याच वेळाने ऑर्गन धाडकन अंगावर आला. दुसरी प्रत लावली, तेच. मी चिठ्ठी लिहिली, "दुसऱ्या बाजूची सुरुवात कोरी, कारखान्यातला दोष" आणि खोकं पोरांना परत पाठवलं.

दोन दिवसांनी त्यांच्यातला ऑब्री म्हणून एक काडीपैलवान खोकं छातीशी धरून हजर.

"मिस पेटमन, तुम्ही लिहिलंय की बाजू कोरी आहे."

"आहेच. कारखानदाराला धरा."

"कोरी नाहीये ती. तिथे माझी बासरी आहे."

मी म्हटलं, असेल तुझ्या स्वप्नात. त्याने सरळ रेकॉर्ड लावली. मी त्याच्याकडे बघत हाताची घडी घालून उभी. भजनांच्या रेकॉर्डी घ्यायला येणाऱ्या मिसेस टॅपसेल शेजारी होत्या. त्यांनी एकदम पिशवी खाली ठेवली आणि मान तिरकी करून म्हणाल्या, "अगंबाई! किती गोड! कोण वाजवतंय हे?"

मग काय, मीही मान डोलवली. हीटर फार घरघर करतो आमचा, शिवाय मला सर्दी झाली होती. सगळे खूप हसलो. ऑब्री तेवढा हसला नाही.

बरं, एक सहज विचारायचं होतं. आईला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा तिचं वय काय होतं? मी लहान होते, तुला आठवत असेल. आणि आधी कुठला कान गेला? विनी मावशीशी त्यावरून वाद झाला, म्हणून विचारतेय. घाई नाही. पण जमलं तर लवकर लिही.

तुझी बहीण,
हेझल


कँटरबरी,
रविवार, २३ जानेवारी १९७२

प्रिय एनिड,

तुझं कार्ड मिळालं. पुढे हलचं बंदर आणि मागे एकच ओळ, "तुझा कुठला कान?" इतक्या वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते एवढंच! एका वाक्यात समोरच्याला उघडं पाडायची तुझी खोड काही गेलेली नाही. रागाने मी ते कार्ड केकच्या डब्याखाली सरकवून ठेवलं. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, आणि डबा उचलला की ते खाली आहेच.

उजवा. घे. आणि डावाही त्याच्या मागोमाग निघालाय.

मावशीशी वाद वगैरे काही झाला नव्हता, ते तुला कळलंच असेल. हीटर त्या दिवशी बंद होता. सर्दीही नव्हती. एनिड, मिसेस टॅपसेल सत्तरीच्या आहेत. त्यांना ती बासरी ऐकू आली आणि मला नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलवली. तेव्हापासून मला जी भीती बसली आहे ती उतरत नाही. जेवताना, आंघोळ करताना, बसची वाट बघताना ती असतेच. किटली उकळते ते मला वाफेवरून कळतं. मागून सायकल येईल म्हणून मी भिंतीला चिकटून चालते. कोणी हसलं की आधी वाटतं, मला काहीतरी विचारलं असणार आणि मी भलतंच उत्तर दिलं असणार.

दुकानात कुणाला अजून कळलेलं नाही, त्याचं कारण ऐकून तू कपाळाला हात लावशील. मी रेकॉर्ड मोठ्याने लावते. मोठ्याने लावली की माणसं ओरडून बोलतात, आणि ओरडून बोललेलं मला स्वच्छ ऐकू येतं. शांत खोलीपेक्षा गोंगाटात मला जास्त कळतं. सगळ्यांना वाटतं पोरीला संगीताचं वेड. एमस रोज म्हणतात, "आवाज कमी कर पोरी, कॅथीड्रलमधले मेलेले बिशप उठून येतील." मी म्हणते, "येऊ द्या की, त्यांनाही एखादी विकते."

शेवटी डॉक्टरकडे गेले. त्याने सूर काढणारा एक लोखंडी चिमटा ठोकून कानाजवळ धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला आणि एनिड, तो सूर डोक्यात इतका लख्ख वाजला की मी दचकून त्याचा हात ढकलला. तो म्हणाला, आतला कान शाबूत आहे, मधलं एक बारीक हाड जखडलंय, म्हणून आवाज दारातच अडतो. हाडावाटे मात्र आत जातो.

मी तिथून थेट दुकानात गेले. एमस जेवायला गेले होते. 'पंचांगा'ची दुसरी बाजू लावली, गुडघ्यांवर बसले आणि प्लेअरच्या लाकडी पेटीची कड दातांत धरली.

होती गं बासरी. अगदी बारीक, एकटी, घाबरत घाबरत चालल्यासारखी. खाली एक स्वर धरून ठेवलेला, आणि वर ही अडखळते, थांबते, परत पहिल्यापासून सुरू करते. मग ऑर्गन धाडकन येतो तो का येतो, ते मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस नुसतं धाडकन ऐकून मी लोकांना ती रेकॉर्ड समजावून सांगत होते! मी तोंडात लाकूड धरून रडत होते आणि तेवढ्यात एमस परत आले. दारात उभे राहून जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भूक लागली असेल तर आत बन ठेवलाय, पोरी. फर्निचर नको खाऊ." मी काहीतरी थाप मारली. त्यांनी ती खरी मानल्यासारखं केलं.

लंडनचे सर्जन म्हणतात, ते जखडलेलं हाड काढून तिथे अगदी इवलासा दट्ट्या बसवता येतो. एका वेळी एकच कान, आधी जास्त बिघडलेला. बहुतेकांना छान ऐकू येतं. काहींचा कान मात्र पूर्ण जातो.

मी विचारलं, "पूर्ण म्हणजे?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण. मग हाडातूनही नाही."

केलं नाही तर दोन्ही हळूहळू जाणारच आहेत, आईसारखे. आई शेवटी वहीशी बोलायची, आठवतं? माणसं वहीत लिहायची आणि ती वाचायची. मला तसं व्हायचं नाही. आणि एका चुकलेल्या सुईने उरलेलंही घालवायचं नाही. मी काय करू?

मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मला नको विचारू, एनिडला विचार. तिने करून घेतलंय." म्हणजे काय? तू केव्हा करून घेतलंस? मला का कळवलं नाहीस? मी कुणी नव्हते का? आता हे निघालंच आहे तर तेही लिहून टाकते. आईला पुरल्यावर चॅपलच्या ओसरीत मी तुझ्यामागे आले आणि म्हटलं, "एनिड, आज माझ्याकडे राहशील का? मला एकटीला त्या घरात जायची भीती वाटते." मी त्याआधी कधी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तू कोटाची बटणं लावलीस आणि बसकडे चालू लागलीस. "नाही" सुद्धा म्हणाली नाहीस. त्या रात्री मी दिवा चालू ठेवून खुर्चीत बसून होते. त्यानंतर तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही, यात माझं काय चुकलं ते सांग.

उत्तर दे. या वेळी एका ओळीत नको.

हेझल


कँटरबरी,
शुक्रवार, १८ फेब्रुवारी १९७२

माझी निडी,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या दारातच वाचलं आणि मग तिथेच पायरीवर बसले. लीड्सला केलंस, आणि तेही आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी! उजवा कान गेला तो गेलाच, महिनाभर भिंती धरून चालावं लागलं, ग्रंथालयात सांगितलं की पडले. आईला कळलं असतं तर "माझ्यामुळे झालं" म्हणत तिने जीव टाकला असता, म्हणून मावशी सोडून कुणालाच नाही सांगितलंस, मलासुद्धा. एकटीने कसं गं केलंस हे सगळं?

आणि शेवटची ती ओळ, "ओसरीत तू माझ्या कुठल्या बाजूला उभी होतीस?"

उजव्या. निडी, मी उजव्या बाजूला उभी होते. आणि लोक ऐकतील म्हणून हळू बोलले होते.

मी तुला दगड म्हणत होते. मावशीसमोर, एमससमोर, ज्याने विचारलं त्या प्रत्येकासमोर. तुझ्याकडून नाताळचं कार्ड आलं नाही की म्हणायचे, बघा, दगडच. आणि तू तिकडे हलला बसून विचार करत होतीस की मीच तुला टाकलं. आपण दोघी सारख्याच वेड्या.

'पंचांग' तुला वेगळ्या पार्सलने पाठवलंय. ऑब्रीच्या हातून घेतलं, त्याची माफीही मागितली आणि बासरी ऐकू का आली नव्हती तेही सांगून टाकलं. तो इतका लाल झाला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. मग म्हणाला, "मिस पेटमन, ती मी मुद्दामच हळू वाजवली. लोकांनी पुढे सरकून ऐकावी म्हणून. तुमच्याएवढं पुढे कोणी सरकलेलं नाही." ती आता कोपऱ्यात पुढच्या रांगेत ठेवली आहे. जो येतो त्याला सांगते, दुसऱ्या बाजूला घाई करू नका, ती कोरी नाहीये. बऱ्याच विकल्या गेल्या.

आता मंगळवारचं सांगते, कारण त्याशिवाय मी हे का ठरवलं ते तुला कळणार नाही.

खाणकामगारांच्या संपामुळे वीज जाते, तुमच्याकडेही जात असेलच. आमच्या भागाची पाळी संध्याकाळी होती आणि मी ती विसरले. पाच वाजून गेले होते, बाहेर काळोख दाटलेला, दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं. 'रखवालदार' जोरात चालू होती. एकदम दिवे गेले. रेकॉर्ड घरघरत घरघरत थांबली. आणि निडी, त्याबरोबर सगळेच थांबले. म्हणजे ते बोलत होते, पण अंधारात शांतता झाली की माणसं आपोआप कुजबुजायला लागतात. माझ्यापर्यंत काही पोचेना. ओठ दिसेनात. विहिरीत टाकून वर झाकण लावावं तसं झालं. मला माहीत होतं की आजूबाजूला माणसं आहेत, माझ्याशीच बोलत असतील, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी म्हटलं, "कोण आहे? काय म्हणताय?" स्वतःचा आवाज तेवढा डोक्यात घुमला. तो किती मोठा होता देव जाणे. कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मी किंचाळले आणि मागची रेकॉर्डींची आख्खी मांडणी घेऊन आडवी झाले.

एमसनी मेणबत्ती आणली. माझ्याकडे नाही, स्वतःच्या तोंडाजवळ धरली, मिशी जळेल इतकी जवळ. आणि एकेक शब्द चावून बोलले, "मी आहे, पोरी. टॅपसेल बाईंनी हात ठेवला. घाबरू नको."

त्यांना कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं. म्हणाले, "तू पेटी खाल्लीस त्या दिवसापासून. त्याआधी वाटायचं, तू मला मुद्दाम उत्तर देत नाहीस." मग म्हणाले, "माझा आवाज तुला चालणार असेल तर मी आयुष्यभर ओरडेन. पण ते पोरगं बासरी हळूच वाजवणार, त्याचं काय करायचं?"

मी करून घेतेय. दोन मार्चला, गुरुवारी, लंडनमध्ये.

तू लिहिलंस की "कर" किंवा "करू नको" यातलं काहीही मी सांगणार नाही. तेच बरं केलंस. मला वाटलं होतं, एकदा ठरवलं की भीती जाईल. उलट ती दुप्पट झाली. या आठवड्यात मी कोपऱ्यातली एकेक रेकॉर्ड काढून ऐकतेय, दुकान बंद झाल्यावर, दात लाकडाला लावून. व्हायोलिनवाली, 'रखवालदार', 'पंचांग', सगळ्या. सगळ्यांच्या आत काही ना काही हळू वाजणारं निघतं. कुठे घंटा आहे, कुठे कोणीतरी श्वास घेतंय, एका ठिकाणी वाजवणारा खुर्ची सरकवतो. इतकी वर्षं मी हे विकलं आणि मला हे माहीतच नव्हतं. आणि आता माहीत झालंय तर आणखी भीती वाटते. ऐकलंच नसतं तर काय जातंय ते तरी कळलं नसतं. काल मध्येच उठून टेलिफोनपर्यंत गेले, सर्जनला नाही म्हणून कळवायला. मग आठवलं, पलीकडचं बोलणं मला ऐकू येणार नाही. परत येऊन बसले.

मला एक हवंय. मागते.

आठवड्याने कानातली पट्टी काढतात. मग तिथली नर्स मागे उभी राहून हळू आवाजात काहीतरी विचारते, आणि ऐकू आलं तर आपण उत्तर द्यायचं. मला नर्स नको. तू ये. रजा मिळत नसेल तर पुन्हा पडले म्हणून सांग. माझ्या उजव्या बाजूला, जरा मागे उभी राहा, म्हणजे मला तुझे ओठ दिसणार नाहीत. फसवायची मला फार सवय लागली आहे. मोठ्याने बोलू नकोस, दया येऊनसुद्धा नाही. आपण घरात बोलायचो तेवढ्याच आवाजात विचार. काय विचारायचं ते तुझं तू ठरव.

आणि निडी, मी उत्तर दिलं नाही, तर निघून जाऊ नकोस. डावीकडे ये आणि पुन्हा विचार.

वाट बघणारी, फार घाबरलेली,
तुझी हेझल